दळणाचा डबा आणि दहावीचे टक्के

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत एक लेख आला होता. मोबाईलमुळे सगळ्यांचंच लक्ष उडालंय, आता त्याला ‘एडीएचडी’ असं भारदस्त नाव देऊन चांगली धडधाकट मोठी माणसंसुद्धा डॉक्टरांकडे रांगा लावतायत, असा त्याचा सूर होता. (एडीएचडी म्हणजे लहानपणापासूनच लक्ष न टिकणं, एका जागी न ठरणं, अशी मेंदूची ठेवण.) लेख खुसखुशीत होता, मीही दोन ठिकाणी हसलो. पण त्या रांगेत मी स्वतः उभा राहून आलोय. तेव्हा रांगेतून काय दिसतं तेही छापून यावं, म्हणून हे पत्र.

माझं वय ५२. कऱ्हाड तालुक्यात माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. वडील बांबू आणि काथ्यावर मंडप घालायचे, मी लोखंडी पाईप आणि ट्रसवर आलो. लग्न, बारसं, तेरावं, गणपती, सभा, काय असेल ते. मंडप उभारायच्या कामात मी कुणाला हार जात नाही. रात्री अकराला निरोप आला तरी सकाळी सातला स्टेज, झालर, फोकस सगळं जागेवर असतं. रड आहे ती नंतरची. पाहुणे जेवून गेले, की ते गिऱ्हाईक माझ्या डोक्यातून पाटी पुसावी तसं पुसलं जातं. बिल करायचं राहतं. कनाती कुणाच्या गोठ्यात पडल्यात ते आठवत नाही. जीएसटीचं रिटर्न वीस तारखेला भरायचं असतं, हे मला जीएसटी आला तेव्हापासून, म्हणजे २०१७ पासून, पाठ आहे. पाठ असून वीस तारीख उलटते आणि उशिराचे दिवसाला पन्नास रुपये लागतात. आमचे टॅक्सवाले एकदा सगळी बेरीज करून म्हणाले, ‘शेठ, एवढ्यात नवा जनरेटर आला नसता, पण जुना दुरुस्त झाला असता.’

दोन वर्षांपूर्वी विम्याचा हप्ता असाच राहिला. पैसे होते. नोटीसही आली होती. ती मी टेम्पोच्या काचेपाशी ठेवली, म्हणजे रोज समोर दिसेल. पाच महिने ती रोज समोर दिसत होती. पॉलिसी बंद पडली तेव्हा सौ. भांडली नाही, आणि तेच जास्त झोंबलं. रात्री साडेदहाला मागल्या दारी बसून तिनं १४४१६ ला फोन लावला. टेली मानस नावाची ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्रीही कुणीतरी फोन उचलतं. तिनं फोन स्वतःसाठी लावला होता. ‘हा माणूस मुद्दाम करतो की ह्याला खरंच जमत नाही, तेवढं सांगा, नाहीतर माझंच डोकं फिरेल,’ असं ती म्हणाली. पलीकडच्या मुलीनं अर्धा तास ऐकून घेतलं. फोनवर निदान होत नाही, पण मोठ्या माणसांतही एडीएचडी असतो, एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून घ्या, असं सांगितलं. आमच्या घरात हा शब्द असा मागल्या दारानं आला.

पहिला दवाखाना कुठला ते लिहीत नाही. आत मी अकरा मिनिटं होतो. बाहेरच्या घड्याळावर सौ.नं मोजली, मला वेळेचा अंदाज येत नाही.

‘दहावीला किती?’
‘बासष्ट टक्के.’
‘धंदा स्वतःचा?’
‘हो.’
‘मुलंबाळं?’
‘दोन.’
‘मग कसला आलाय एडीएचडी? तो लहान मुलांत असतो. मोबाईल कमी करा, पहाटे उठा, एक डायरी ठेवा.’

उठताना त्यांनी ‘कुणी गोळ्या सुचवल्यात का?’ असंही विचारलं. विचारायची धाटणी अशी, की जणू मी नशेचा माल मागायला आलोय.

डायरीचं म्हणाल तर माझ्याकडे चौदा आहेत. पाईपवाले व्यापारी दर वर्षी देतात. प्रत्येकीत ९ जानेवारीपर्यंत सुंदर अक्षरात सगळं लिहिलेलं आहे. एकीत ११ पर्यंत आहे, ते साल चांगलं गेलं असावं. आणि त्या बासष्ट टक्क्यांचं असं, की ते कसे मिळाले एवढं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. परीक्षेच्या आधी सतरा दिवस अक्कानं मला माळ्यावर बसवून खालून शिडी काढून घेतली होती. जेवणाच्या वेळी शिडी लागायची, जेवण झालं की निघायची. ते टक्के निम्मे अक्काचे आहेत. पण आकडा विचारला आणि विषय संपला.

वर्षभर मी परत गेलो नाही. मग मेव्हण्यानं पुण्यातल्या एका मॅडमचं नाव काढलं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या, आणि त्यांच्याबरोबर एक मानसोपचारतज्ज्ञ. फोनवरच त्यांनी दोन गोष्टी आणायला सांगितल्या. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं मिळाली तर ती, आणि तुम्हाला लहानपणी रोज बघितलेलं एक माणूस. कशाला, तर एडीएचडी चाळिशीत उगवत नाही. बाराव्या वर्षाच्या आतच त्याच्या खुणा दिसायला हव्यात, असा नियम आहे. डॉक्टर लोक निदानासाठी जो अमेरिकेतला ग्रंथ वापरतात, त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत ही वयाची अट सातावरून बारावर आणली गेली. मोठ्या माणसाला नऊपैकी सहाच्या ऐवजी पाच लक्षणंही पुरतात, हेही तेव्हाच ठरलं. म्हणजे ‘तो लहान मुलांत असतो’ हे मला ऐकवलं गेलं, तेव्हा ते ऐकवणाऱ्यांच्या पुस्तकात दहा वर्षांपासून दुसरंच काहीतरी छापलेलं होतं.

प्रगतिपुस्तक जुन्या झालरींच्या ट्रंकेत सापडलं. इयत्ता चौथी, १९८२-८३. गुरुजींचा शेरा: ‘हुशार आहे. जागेवर बसत नाही. पाटी-पुस्तक विसरतो.’ आई-वडील दोघंही आता नाहीत, म्हणून माणूस म्हणून अक्का आली. पहाटेच्या एसटीनं स्वारगेटला उतरलो तेव्हा मॅडमना द्यायला तिच्या पिशवीत पाच किलो इंद्रायणी तांदूळ होता.

जागतिक आरोग्य संघटनेची अठरा प्रश्नांची एक यादी असते. पहिल्या प्रश्नाचा मतलब असा: कामातला अवघड भाग उरकल्यावर शेवटची किरकोळ आवराआवर राहून जाते का? हे ऐकून सौ. माझ्याकडे बघतच राहिली. मंडप उभा आणि बिल आडवं, हा आमच्या घरातला वीस वर्षांचा वाद कुणीतरी पहिल्या ओळीतच घालून ठेवला होता. पुढे एक प्रश्न आला, मीटिंगमध्ये बसायचं असताना उठून जाता का? मी म्हटलं, ‘मॅडम, मी मीटिंगला खुर्च्या लावतो, बसत नाही.’

त्या हसल्या, कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, ‘बरं, कीर्तनाला बसता? भटजी सांगतील तेवढा वेळ पाटावर बसवतं?’

इथं मी गप्प झालो. नऊ वर्षांपूर्वी वडिलांच्या दहाव्याला कृष्णेच्या घाटावर विधी चालू असताना मी तीन वेळा उठलो होतो. कावळा शिवतो का बघतो, म्हणून उठलो. पिंड अजून मांडलेसुद्धा नव्हते. भावकी बघत होती. बापाच्या दहाव्यालाही याचा पाय ठरत नाही, याला कसलं दुःख, असं एक जण मला ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलला. आणि दुःख तर असं होतं, की बसलो की छातीत कालवाकालव व्हायची आणि पाय आपोआप सरळ व्हायचे. हे मी सौ.लाही कधी सांगितलं नव्हतं. मॅडमनी मान डोलावून लिहून घेतलं, ‘किती वर्षांचे होता तेव्हा?’ एवढंच विचारलं आणि मला पाणी दिलं.

इंग्रजी यादीतून हे निघालं नसतं.

मग अक्काची पाळी. तिला प्रश्न विचारावाच लागला नाही. ‘ह्येला दळाण दिऊन गिरणीत धाडला, मॅडम. दोन तासानं आला तर हातात काय न्हाई. म्हटलं, डबा कुठाय? तर मलाच इचारतोय, कंचा डबा? तालमीत कुस्त्या बघत हुता. मी ग्येली गिरणीत, तर डबा गिरणीतबी न्हाई. वाटंत वड्याच्या कट्ट्यावर ठेवल्याला. निम्मी जवारी कोंबड्यांनी खाल्ल्याली.’

‘हे एकदा झालं की नेहमी व्हायचं?’

‘न्हेमीच. मग दळाण मीच न्यायला लागले.’

साल तेच, १९८३. गावात टीव्ही एकच होता, सरपंचांच्या माडीवर. माझ्या हातात पहिला मोबाईल आला २००४ साली. आपल्या लेखकांना एवढंच सांगायचं आहे, की कट्ट्यावर राहिलेला तो डबा मोबाईलच्या एकवीस वर्षं आधीचा आहे. आणि मी काही पहिला नव्हे. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाचे डॉक्टर १९०२ सालीच असल्या पोरांवर व्याख्यानं देत होते. मोबाईलनं माझ्यासारख्याचं आणखी वाटोळं होतं, हे मात्र मान्य. रात्री एलईडी पट्ट्यांचे भाव बघायला फोन उघडावा आणि पहाटे तीनला कुठल्यातरी देशातला पूल कसा बांधला हे बघत बसलेलं असावं, हे माझं नेहमीचंच.

दोन बैठका झाल्या, आठवड्याच्या अंतरानं, प्रत्येकी दोन तासांच्या वर. पहिल्या बैठकीनंतर मॅडमनी काहीही सांगायला नकार दिला. थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासून आणायला लावलं. मी घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का, हे सौ.ला विचारलं. दारूचं विचारलं, तेही सरळ, आडून नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण समजून घेऊन केलेली तपासणी म्हणजे गिऱ्हाईक मागेल ते नाव कागदावर लिहून द्यायचं, असा एक समज आपल्या लेखातही डोकावतो. माझं उलट झालं. पैसे बुडवणाऱ्या मंडळांच्या पोरांवर मी ओरडतो, तेही मी लक्षणांत मांडायला गेलो, तर त्या म्हणाल्या, ‘काका, तो तुमचा स्वभावही असू शकतो. सगळंच यात घालू नका.’

दुसऱ्या बैठकीत त्यांनी विचारलं, ‘तुमचं डोकं सगळ्यात शांत कधी असतं?’

असलं मला कधी कुणी विचारलेलं नव्हतं. मी वळवाचा किस्सा सांगितला. मे महिन्यातलं लग्न, मंडपात सातआठशे माणूस, अक्षतांना वीस मिनिटं बाकी, आणि पश्चिमेकडून काळं आभाळ. वारा असा घुसला की छत फुगलं आणि कोपऱ्याचे पाईप जमिनीवरून वीतभर उचलले. मुलीचे वडील ओरडत होते, पोरं पाईपला लोंबकळत होती. माझ्या डोक्यात त्या वेळी अगदी देवळाच्या गाभाऱ्यासारखी शांतता. ‘पाईप सोडा, कनाती कापा,’ एवढंच मी म्हटलं. चारी बाजूंच्या कनातींच्या सुतळ्या कोयत्यानं तोडल्या, वारा आरपार गेला आणि छत खाली बसलं. नऊ हजाराचं कापड गेलं, माणूस एकही जखमी नाही. त्या कामाचं बिल मी आजपर्यंत केलेलं नाही.

मॅडम म्हणाल्या की हे दोन्ही एकाच डोक्याचे खेळ आहेत. धोका, घाई, काहीतरी नवं समोर असलं की लक्ष असं लागतं की हलत नाही. रटाळ असलं किंवा पुढच्या महिन्यावर असलं की ते लावू म्हटलं तरी लागत नाही. मी ते माझ्या भाषेत लावून घेतलं: बैल दांडगा, कासरा ढिला. अहवाल पाच पानी इंग्रजीत आहे, पण वर एक पान त्यांनी मराठीत लिहून जोडलंय. त्यात कापलेल्या कनाती आहेत, दळणाचा डबा आहे, घाटावरचा दहावा आहे. खाली निदान. ५२ वर्षांत माझ्याविषयी धांदरट, बेजबाबदार, गबाळा, डोकं ठिकाणावर नसलेला असं बरंच बोललं गेलं. लिहिलं गेलेलं हे पहिलंच, गुरुजींचा शेरा सोडला तर. दोन्ही बैठका आणि अहवाल मिळून साडेसहा हजार झाले. मला परवडले. माझ्या टेम्पोवरच्या पोराला परवडले नसते.

परतीच्या एसटीत अक्का खिडकीशी बसली होती. खंबाटकी ओलांडेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘माझंबी असंच हाय की रं. दूध चुलीवर ठिवायचं आन् म्हशीच्या मागं जायचं. कितींदा उतू घालवलं. सासूनं एकदा उलथन्याचा चटका दिल्याला, तरीबी दुसऱ्या दिवशी परत घालवलंच.’ आणि मनगट पुढं केलं. तो डाग मी लहानपणापासून बघतोय, मला वाटायचं भाकरी करताना भाजलं असेल.

अक्काला तिसरीतून काढलं, मला सांभाळायला. तिचं प्रगतिपुस्तक नाही, दहावी नाही, टक्के नाहीत. ज्यांनी तिला लहान असताना बघितलं, त्यातलं कुणी उरलेलं नाही. तिच्या दळणाचे डबे कोण सांगणार? मी मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, कागद नसला म्हणून दार बंद होत नाही, माहेरचं, शेजारचं कुणीही चालेल, आणि कुणीच नसलं तर त्यांचं त्यांनी सांगितलेलं नीट, वेळ घेऊन ऐकता येतं. अक्का म्हणते, ‘आता साठीत कशाला?’ मी जोर केला नाही. पण संपादक महाशय, मला या सगळ्या प्रकरणात अडकून राहिलंय ते हेच. मोठ्या माणसाची तपासणी करायची तर पुरावा तिथं शोधावा लागेल जिथं त्या माणसाचं आयुष्य गेलं. चुलीपाशी, गोठ्यात, घाटावर, गिरणीच्या वाटेवर. दहावीच्या टक्क्यांत शोधलं तर माझ्यासारखा ‘बरा’ निघतो आणि अक्कासारखी मोजलीच जात नाही.

औषधाचं थोडक्यात. मानसोपचारतज्ज्ञांनी रक्तदाब, नाडी बघून मिथाइलफेनिडेट सुरू केलं. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक बंधनांच्या यादीत येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो आणि माल कुलपात असतो. कायद्याबद्दल माझी तक्रार नाही, कडक असायलाच हवा. कऱ्हाडात दोन दुकानांत चिठ्ठी उलटसुलट करून माझ्या डोळ्यांत बघितलं गेलं, त्याबद्दल आहे. तिसऱ्यानं मागवून दिलं. चमत्कार वगैरे काही झाला नाही, पहिला महिना तर भूकच मेली होती. पण एके दिवशी गोडाऊनमध्ये खुर्च्या मोजत होतो. चारशे खुर्च्या मोजताना मी दोनशे दहाच्या आसपास हरवतो आणि पुन्हा एकपासून सुरू करतो, हे ठरलेलं. त्या दिवशी तीनशे शहाण्णववर येऊन थांबलो. चार कमी होत्या आणि त्या कुणाकडे आहेत तेही आठवलं. मी तिथंच एका खुर्चीवर बसलो जरा वेळ.

गोळीपेक्षा माझ्याबरोबर मंडप उभारणाऱ्या बाब्याचा उपाय मोठा आहे, हेही कबूल करतो. मॅडमनी सुचवलं आणि त्यानं अंगावर घेतलं: मी बिल लिहून त्याच्या हातात दिल्याशिवाय तो मंडपाच्या एकाही क्लॅम्पला पाना लावत नाही. गिऱ्हाईक ओरडलं तरी नाही.

मागणं फार नाही. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, तिथले डॉक्टर गर्दीखाली दबलेले असतात हे मी बघितलंय. आठवड्यातून एक दुपार मोठ्या माणसांच्या या तपासणीला ठेवली, त्या दुपारी माणशी तासभर दिला, आणि प्रश्नांची यादी मीटिंगच्या जागी कीर्तन घालून मराठीत आधीच तयार ठेवली, तर पुण्याला जावं लागणार नाही. मॅडम ते बसल्या जागी मनातल्या मनात करत होत्या, प्रत्येकाला तसं जमेल असं नाही. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्र नाही. मला सर्टिफिकेट नको आहे, पण परीक्षेला बसणाऱ्या पोरांना लागेल, त्यावर कुणा जाणकाराकडून आपण लिहून घ्यावं.

शेवटी, माझं नाव छापू नये ही विनंती. लाज वाटते म्हणून नव्हे. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होतो, आणि ‘मंडपवाला विसरभोळा निघाला, तारीखच विसरला तर?’ असं एखाद्या मुलीच्या वडिलांच्या मनात आलं तर माझं वर्ष जाईल. तारीख मी आजवर एकही चुकवलेली नाही. त्या सौ. स्वयंपाकघराच्या दारामागं खडूनं लिहिते आणि आदल्या रात्री माझ्या चपला त्या दारापाशी नेऊन ठेवते.

आपला,
एक मंडपवाला
ता. कऱ्हाड, जि. सातारा